व्यासपीठावरील सर्व मान्यवर

पुण्यात संध्याकाळी सहा ते साडेआठ या वेळेत घरी सापडणारा माणूस एकतर आजारी असतो किंवा त्याला अजून एकही पुरस्कार मिळालेला नसतो. दुसरी शक्यता आता फारशी उरलेली नाही. सकाळच्या पेपरात 'आजचे कार्यक्रम' नावाची बारीक टायपातली जी पट्टी असते ती चष्मा लावून वाचली, तर लक्षात येतं की टिळक रस्ता, नवी पेठ आणि कोथरूड मिळून एका दिवसात जेवढ्या शाली पांघरल्या जातात तेवढी थंडी या शहरात अख्ख्या पौषातही पडत नाही.

साहित्यातल्या सत्काराला पुस्तक प्रकाशन म्हणतात. नवी पेठेतल्या कुठल्याही सभागृहात चला. व्यासपीठावर नऊ जण, खाली तेवीस. तेवीसमधले चौदा कवीचे नातेवाईक, चार जण स्वतः कवी (पुढच्या आठवड्यात त्यांचं प्रकाशन आहे, ही फिटंफाट), दोन ज्येष्ठ नागरिक रोज येणारे, आणि उरलेले चुकून आलेले. शेजारच्या हॉलमध्ये मधुमेहावर व्याख्यान होतं.

आधी समई. समई म्हटली की पंखे बंद करावे लागतात. व्यासपीठावरचा पंखा नेमक्या कुठल्या बटणावर आहे हे एकट्या शिपायाला ठाऊक, आणि तो चहा सांगायला गेलेला. मग अध्यक्ष एका हाताने मेणबत्ती धरतात, दुसऱ्याने आडोसा करतात. प्रमुख पाहुणे वात वर ओढतात. स्वागताध्यक्ष वाकून तेल आहे का ते बघतात. एवढ्यात छायाचित्रकार 'सर, इकडे' म्हणतो आणि तिघेही ज्योतीकडे पाठ करून प्रसन्न हसतात. ज्योत विझते. फोटो छान येतो.

त्यानंतर 'ज्यांना परिचयाची गरज नाही' अशा पाहुण्यांचा सविस्तर परिचय. मग प्रकाशन. पुस्तकं चकचकीत कागदात गुंडाळलेली, वरून लाल रिबीन, आणि ती बांधणाऱ्याने निष्ठेने मारलेली निरगाठ. पाहुणे नखाने प्रयत्न करतात, मग दाताने करायचा मोह आवरतात. अखेर कात्री येते. नऊ जण नऊ प्रती छातीशी धरून उभे राहतात, त्यात एकाची हमखास उलटी असते, ती सुलटी करायला कवीचा मेहुणा वाकून धावतो. भाषणं सुरू होतात. पहिला वक्ता म्हणतो, पुस्तक आत्ताच हाती आलं, पण चाळलं तेव्हाच जाणवलं. दुसरा म्हणतो, मी फार वेळ घेणार नाही. त्या वाक्यानंतर निदान पंचवीस मिनिटं मोबाइल बघायला हरकत नाही, हे पुणेकर लहानपणीच शिकतो. अध्यक्ष समारोपात मराठीच्या भवितव्याबद्दल चिंता व्यक्त करतात आणि ती व्यक्त झाल्याबद्दल टाळ्या पडतात.

आता राहिला कवी. तो मंडपातल्या नवरदेवासारखा डाव्या कोपऱ्यात अवघडून बसलेला असतो. सूत्रसंचालिका घड्याळाकडे बघत गोड आवाजात म्हणतात, 'वेळेअभावी आपण एकच कविता ऐकूया, छोटीशी.' कवी उठेपर्यंत मागच्या दारातून वेफर्सच्या पिशव्या फुटल्याचा आवाज येतो आणि सभागृहाचं लक्ष मराठी कवितेवरून मराठी अल्पोपाहाराकडे वळतं.

कुणी म्हणेल, ही हल्लीची पडझड. अजिबात नाही. पुण्याला व्यासपीठाची परंपरा आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती 1875 साली, आणि पुण्यात पहिली ग्रंथकार सभा भरवली ती 1878 साली. तिलाच पुढे आपण साहित्य संमेलनाचं मूळ मानू लागलो. दुसरी सभा 1885 साली, तीही पुण्यातच. तिचं निमंत्रण जोतीराव फुल्यांना गेलं आणि फुल्यांनी पत्र लिहून सणसणीत नकार कळवला. असल्या सभांत आमच्या माणसांची दुःखं येत नाहीत, मग आम्ही कशाला यावं, असा त्यांचा रोख होता. पुण्यात मानाचं निमंत्रण कुणीतरी नाकारल्याची ही शेवटची अधिकृत नोंद असावी.

नियतीचा विनोद पुढे आहे. शालीने भागत नाही म्हणून पुण्यात सत्काराला पगडी लागते. पुणेरी पगडीला 2009 साली भौगोलिक मानांकनही मिळालं, म्हणजे ती आता हापूस आंब्याच्या पंक्तीत जाऊन बसली. मग 2018 मध्ये पगडी पुणेरी घालायची की फुल्यांची यावरून राजकारण पेटलं. तेव्हापासून सावध संयोजक दोन्ही पगड्या जवळ ठेवतात आणि पाहुण्यांचा पक्ष बघून पिशवीतून योग्य ती काढतात. ज्या माणसाने व्यासपीठावर यायला नकार दिला, त्याची पगडी आज दर संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या व्यासपीठावर, त्याच भाषणांच्या मध्ये, कुणाच्या तरी डोक्यावर चढते. घालणाऱ्याला ते 1885 चं पत्र आठवत नाही, आणि घालून घेणाऱ्याला पगडी कपाळावर घसरत असल्यामुळे काहीच दिसत नाही.

नाटकाकडे वळू. बालगंधर्व रंगमंदिराची पायाभरणी 1962 साली खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते झाली. वास्तू उभी राहीपर्यंत ते राहिले नाहीत. उद्घाटन 26 जून 1968 रोजी झालं. उभारणीत पु. ल. देशपांड्यांनी जातीने लक्ष घातलं होतं, त्यामुळे पडदा, विंग, मेकअपची खोली असल्या किरकोळ गोष्टींचा विचार आधी झाला. ती चूक आता सुधारायचं चाललं आहे. गेली काही वर्षं पुनर्विकासाचे आराखडे येतात, कलावंत निषेध करतात, समिती बसते, समिती उठते, पुढचा आराखडा येतो. तोवर चर्चेचा मुख्य विषय पार्किंग असतो. नाट्यगृह कशाला हवं याबद्दल मतभेद आहेत, पार्किंग हवंच याबद्दल नाहीत.

शहरातल्या महापालिकेच्या नाट्यगृहांत नाटकही होतं, नाही असं नाही. पण तारखा मिळवणं हा एक वेगळाच नाट्यप्रकार आहे. शनिवार-रविवारची तारीख म्हणजे सोनं. ती निर्मात्याला मिळाली की त्याच दुपारी भाऊंचा, दादांचा किंवा अण्णांचा वाढदिवस निघतो. कार्यक्रमाचं नाव 'सांस्कृतिक महोत्सव' असतं, कारण मध्ये दोन लावण्या असतात. चारला संपायचा तो साडेसातला संपतो. साडेनऊच्या नाटकाचा टेम्पो तोवर आवारात उभा. नेपथ्याच्या फळ्या झाडाला टेकवलेल्या, त्यावर बॅकस्टेजची पोरं बसून वडापाव खातायत, आणि आत रंगमंचावर भाऊंना फुलांचा इतका मोठा हार घालायचं चाललंय की तो उचलायला क्रेन आणायचा विचार होता, दार लहान पडलं म्हणून राहिला. मग दीड तासात सेट लावायचा, लाइट्स जोडायचे, जमिनीवरच्या पाकळ्या झाडायच्या. पहिल्या अंकात नायिका त्यातल्याच एका झेंडूवरून घसरते आणि प्रेक्षक टाळ्या देतात. त्यांना वाटतं, बसवलेलं आहे.

या शहराने नाटकं गाजवली तशी बंदही पाडली आहेत, हे ज्येष्ठ पुणेकर आवंढा गिळून कबूल करतात. 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग 16 डिसेंबर 1972 रोजी भरत नाट्य मंदिरात झाला. गहजब उडाला, नाना फडणवीसांची बदनामी म्हणून मोर्चे निघाले, नाटक बसवणाऱ्या संस्थेतच फूट पडली, आणि नाटक करणाऱ्यांना थिएटर अ‍ॅकॅडमी ही नवी संस्था काढावी लागली. आज त्याच नाटकाबद्दल बोलताना सदाशिव पेठेचा ऊर भरून येतो. पुण्यात एखाद्या कलाकृतीला जीवनगौरव मिळायचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे आधी तिला विरोध होणं. फक्त मधली तीस-चाळीस वर्षं कलावंताने काढायची असतात.

आणि याच भरत नाट्य मंदिरात या शहरातली मला ठाऊक असलेली सर्वांत असभ्य घटना घडली. पुरुषोत्तम करंडक ही महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा 1963 पासून चालते. पोरं महिनोन्महिने तालमी करतात, परीक्षा बुडवतात, आवाज बसेपर्यंत 'आव्वाज कुणाचा' ओरडतात. मराठी रंगभूमीला आणि मालिकांना अर्धी माणसं तिथून मिळतात. 2022 च्या अंतिम फेरीनंतर परीक्षकांनी सांगितलं की करंडक द्यावा अशी एकही एकांकिका झाली नाही, म्हणून यंदा करंडक कुणालाच नाही.

पुणे हादरलं. कुणालाच नाही? म्हणजे काय? ज्या शहरात 'उत्कृष्ट श्रोता' पुरस्कार देता येतो, सोसायटीच्या गणेशोत्सवात रांगोळीला सात उत्तेजनार्थ बक्षिसं निघतात, तिथे परीक्षकांनी चक्क परीक्षा केली! बाजूने आणि विरोधात भरभरून लिहिलं गेलं. मुलांचं मन मोडलं, असं म्हणणारे बरोबर होते. दर्जाचा आग्रह हवाच, असं म्हणणारेही बरोबर होते. पण मला मौज वाटली ती निराळीच. नाही म्हणायचं ठरलं तेव्हा ते नेमकं वीस वर्षांच्या मुलांना म्हटलं गेलं. साठीच्या पुढे, किंवा नगरसेवकपदाच्या पुढे, ही कसोटी पुण्यात कुणी कुणाला लावल्याचं ऐकिवात नाही.

उलट जीवनगौरवाचं वय खाली येतंय. पूर्वी तो पुरस्कार मिळाला की घरचे डॉक्टरांना फोन करत. आता चाळिशीत मिळतो, आणि मिळवणाऱ्याला पुढची चाळीस वर्षं काय करायचं हा प्रश्न पडतो. बरेच जण मग परीक्षक होतात. पुरस्कार द्यायलाही फार लागत नाही. कै. आजोबांचं नाव, एक सभागृह, पाच हजारांचा धनादेश (तो नंतर संस्थेलाच देणगी म्हणून परत येतो, व्यासपीठावरूनच, टाळ्यांच्या गजरात) आणि 'पुस्तकाच्या तीन प्रती व प्रवेशशुल्कासह प्रस्ताव पाठवावेत' अशी पेपरात दोन ओळींची बातमी. या तीन प्रती पुढे अप्पा बळवंत चौकाच्या आसपास निम्म्या किमतीत भेटतात. एकीवर 'परीक्षक महोदयांस सादर' असं कवीच्या हस्ताक्षरात असतं, आणि पानं अजून एकमेकांना चिकटलेली असतात.

संगीताबद्दल मात्र वाकडं बोलायची माझी छाती नाही. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ 1953 साली सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाला पुणेकर पदरचे पैसे मोडून तिकीट काढतो, हा या शहरातला एकमेव न उलगडलेला चमत्कार आहे. पूर्वी तिथे रात्र रात्र मैफल चालायची. शाल पांघरून बसलेल्या माणसाला ती शाल खरोखरच थंडीसाठी लागायची. मग ध्वनिक्षेपकाचा नियम आला. दहाला गाणं बंद, फार तर एखाद्या दिवशी बारापर्यंत सवलत. त्यामुळे मध्यरात्रीनंतरचे राग आता पुणेकराला हेडफोनवरच भेटतात. नियम म्हणजे नियम. विसर्जन मिरवणूक चोवीस तास उलटून गेली तरी संपत नाही आणि अलका चौकात ढोलाने छातीचा पिंजरा हलतो, ही बाब वेगळी. ती संस्कृती आहे. मालकंस हा आवाज आहे.

बाकी सगळीकडे पुणेकराला 'प्रवेश विनामूल्य' लागतो. साठ रुपयांची कॉफी पिऊन, पन्नास रुपये पार्किंगला देऊन तो दारातल्या पोराला विचारतो, पास आहे का? पास मिळाला तर 'पहिल्या तीन रांगा निमंत्रितांसाठी राखीव' अशी पाटी बघून संतापतो, आणि चौथ्या रांगेत बसून शेजाऱ्याला सांगतो की हल्ली पुण्यात पूर्वीसारखं काही राहिलं नाही. तिकडे शनिवार पेठेत सुदर्शन रंगमंचावर चार पोरं पदरमोड करून नवं नाटक करत असतात. तिथे शाल नसते, समई नसते, अध्यक्ष नसतात. त्यामुळे बातमीही नसते. नाटक कधी फसतं, कधी असं काही जमतं की बाहेर पडल्यावर गाडीची किल्ली खिशात आहे हे विसरून माणूस चालत निघतो. तिकीट मोठ्या हॉटेलातल्या एका पंजाबी भाजीपेक्षा महाग नसतं.

तेव्हा या रविवारी 'आजचे कार्यक्रम' उघडाल तेव्हा ज्या ओळीत प्रमुख पाहुण्यांचं नाव नाही आणि तिकिटाचा दर दिला आहे, तो कार्यक्रम निवडा. पैसे देऊन आत जा. ओळखीचं कुणी करत असेल तरी पास मागू नका, त्याला त्या रात्रीचं भाडं भरायचं असतं. आणि मोबाइल बंद ठेवा.