पन्नासावा कर्मचारी

ठाकुर्लीतल्या पाळणाघरांची शिस्त वाखाणण्याजोगी आहे. संध्याकाळी सात म्हणजे सात. मग लोकल दिव्याला अडकलेली असो वा मुंब्र्याला. इस्पितळातल्या सिस्टरची आणि मॉलमधल्या सुरक्षारक्षकाची पाळी दर आठवड्याला बदलते, यात पाळणाघराचा काय दोष? मूल जन्माला घालण्यापूर्वी त्यांनी वर्षभराचे ड्युटी-पत्रक पाहायला हवे होते.

सरकारची दूरदृष्टी तर विचारूच नका. राज्याने २०१७ मध्ये दुकाने-आस्थापनांना चोवीस तास उघडी राहण्याची मुभा दिली. त्याच वर्षी केंद्राने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय सक्तीची केली. आईला तिथे दिवसातून चार वेळा जाता येते. ठाकुर्लीच्या आईने आता फक्त सकाळच्या धीम्या लोकलमधून बाळाला परळपर्यंत न्यायचे आहे. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीटही लागत नाही. याहून स्वस्त सोय जगात कुठे मिळेल?

राहता राहिले ४९ कर्मचाऱ्यांवर थांबणारे काटकसरी मालक. त्यांना उगाच नावे ठेवू नयेत. त्यांनी बाळालाच पन्नासावा कर्मचारी म्हणून रुजू करून घ्यावे, की पाळणाघर आपोआप बंधनकारक! नियमाप्रमाणे बाळालाही फिरती पाळी लागेल, पण त्याची तक्रार येणार नाही. रात्रपाळीचा अनुभव त्याला जन्मापासूनच आहे.