दुसरा भाग कुठे गेला?

जवाहर चौकात पोहे-जिलेबी खाताना 'क्रिश' चित्रपटांचा विषय निघाला, की भोपाळच्या मराठी मंडळींत दोन तट पडतात. २००३ च्या 'कोई मिल गया'वर वाढलेल्यांना उन्हासाठी तळमळणारा निळा परग्रहवासी जादू हवा. त्यांच्या पोरांना हाणामारी. दिग्दर्शक राकेश रोशन यांनी तोडगा काढला: २००६ साली 'क्रिश'मध्ये जादूला सुट्टी देऊन नायकाला मुखवटा चढवला आणि २०१३ मध्ये एकदम 'क्रिश ३'च आणला. (पहिला भाग म्हणजे 'कोई मिल गया' धरायचा म्हणे.) दुसरा कुठे गेला, हे विचारतो तो नवा प्रेक्षक, हिशेब समजावत बसतो तो जुना भक्त. चौथा भाग नायक हृतिक रोशन दिग्दर्शित करणार, हे २०२५ मध्ये जाहीर झालं. आमच्या काकूंनी एवढंच विचारलं, "रेखा आहे ना?"