आयडीतल्या फटी बुजवू नका

टेबलात ४१ नंतर थेट ४५ दिसला की साहेबांना राहवत नाही. मधले आकडे वाया गेले म्हणून डेव्हलपरला फर्मान सुटतं: आयडी रीसेट कर. कमांड एका ओळीची, त्यामुळे तो करूनही टाकतो. हे थांबलं पाहिजे.

मुळात फटी पडणारच. पोस्टग्रेसमध्ये सिक्वेन्समधून आकडा एकदा घेतला की ट्रान्झॅक्शन रोलबॅक झालं तरी तो परत जात नाही. परत घ्यायचा ठरवला, तर एकाची नोंद पक्की होईपर्यंत बाकी सगळ्यांना ताटकळत ठेवावं लागेल. एसक्यूएल सर्व्हर २०१२ पासून आकड्यांचा गठ्ठा आधीच उचलून ठेवतो. मशीन अचानक बंद पडलं तर इंट कॉलममध्ये हजाराची उडी दिसते. यात कुणाचीही नोंद हरवलेली नसते. ओळी मोजायच्या असतील तर काउंट आहे, आयडीकडे कशाला बघता?

शाळेतून मुलगा दाखला घेऊन गेला म्हणून त्याचा जनरल रजिस्टर नंबर पुढच्या मुलाला देत नाहीत. आपण मात्र डिलीट केलेल्या ग्राहकाचा ४५ नव्या ग्राहकाला देऊन मोकळे होतो. मग जुन्या लॉगमधला, ईमेलच्या लिंकमधला, कुणाच्या तरी एक्सेलमधला ४५ भलत्याच माणसाच्या नावावर चढतो. फॉरेन कीचा पहारा डेटाबेसच्या आत. बाहेर तिचं काही चालत नाही. मायएसक्यूएलच्या इनोडीबीत हे आपोआप व्हायचं. काउंटर फक्त मेमरीत असे. शेवटच्या ओळी डिलीट करून सर्व्हर रीस्टार्ट केला की तेच आकडे पुन्हा वाटले जात. २०१८ साली ८.० आवृत्तीत हा दोष एकदाचा गेला. त्यांनी दुरुस्त केलेला दोष आपण आपल्या हाताने परत आणतो, याचा मला खरोखर राग येतो.

बिलांचे नंबर सलग हवेत, हे मात्र खरं. जीएसटीचा नियम ४६ तसंच सांगतो: सलग, १६ अक्षरांच्या आत, आर्थिक वर्षात पुन्हा न येणारा. मग बिल नंबराला वेगळा कॉलम द्या, त्याचा काउंटर वेगळ्या टेबलात ठेवा आणि बिल पक्कं होतं त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये तो लॉक करून वाढवा. काम थोडं हळू होईल, होऊ द्या.

रीसेट करायचंच तर लाइव्ह जाण्याआधी, चाचणीचा डेटा पुसताना करा. नुसत्या डिलीटने काउंटर मागे येत नाही. एसक्यूएल सर्व्हर आणि मायएसक्यूएलमध्ये ट्रंकेटने येतो, पोस्टग्रेसला ‘रीस्टार्ट आयडेंटिटी’ वेगळं सांगावं लागतं. आणि जुना डेटा आयडीसकट आयात केला असेल तर पोस्टग्रेसचा सिक्वेन्स मागेच राहिलेला असतो. नवी नोंद डुप्लिकेट की म्हणून आपटते. सेटव्हॅलने तो सर्वांत मोठ्या आयडीवर आणा आणि मगच लोकांना नोंदी करू द्या.