योगायोग, ऑनसाइट

म्हैसूरच्या इन्फोसिस कॅम्पसमध्ये, रोमन थाटाच्या खांबांसमोर ट्रेनिंगच्या काळात जुळलेली प्रेमं पोस्टिंगच्या यादीबरोबर मोडतात. तो पुण्याला, ती भुवनेश्वरला. पुढे कधीतरी न्यू जर्सीत, एडिसनच्या देशी किराणा दुकानात दोघांचे हात एकाच फ्रोझन पुरणपोळीच्या पाकिटावर पडतात, आणि म्हणे योगायोग! अहो, कंपनी तीच, व्हिसा तोच, मंडळाचा गणपतीही तोच. न भेटते तरच नवल. त्यातून इथे सुटलेच, तर बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन दर दोन वर्षांनी असतंच. तिथे जेवणाच्या रांगेत नवऱ्याशी ओळख करून द्यावी लागते.

"आम्ही म्हैसूरला एका बॅचला होतो," ती म्हणते.

नवरा खुलतो, "अरे वा! तुमची स्ट्रीम कुठली, जावा की डॉटनेट?"