दहा हजारांचं ऊन, एक रुपयाचा वाघ

वर्धा जिल्ह्यात कशाची टंचाई असेल ती असो, उन्हाची नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या पलीकडे गेला की दुपारी रस्त्यावर दिसणारा माणूस एक तर लग्नपत्रिका वाटत असतो, नाही तर बाहेरगावचा असतो. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा आणि तोंडात उन्हाला एक शिवी. पण ज्याला शिव्या घालतो त्याच्याच जिवावर सगळा जिल्हा जेवतो, एवढं कूलरसमोर बसून मान्य करायला हरकत नाही.

जेवतो म्हणजे तरी किती? झाडं आणि गवत ही उन्हाची फार थंड गिऱ्हाइकं. अंगावर पडलेल्या उन्हातलं शंभरातलं जेमतेम एक त्यांच्या अंगी लागतं. सूर्यानं दहा हजार रुपये दिले तर गवताच्या खात्यावर शंभर जमा. ते गवत चितळानं खाल्लं की चितळाच्या अंगी दहा. चितळ वाघानं खाल्लं की वाघाच्या अंगी एक. मधले पैसे कोणी खाल्ले म्हणून चौकशी समिती नेमायला नको, ते कुठे गेले हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. निम्मंअधिक गवत तर चितळाच्या तोंडी लागतच नाही. जे लागतं त्यावर ते रवंथ करतं, शेपटीनं माश्या हाकलतं, कान टवकारतं, उगाचच उधळतं, अंग गरम ठेवतं. हाडं, शेण, पाचोळा यांची माती होते आणि वाळवी, शेणकिडे, बुरशी हे कामकरी ती पुन्हा गवताच्या मुळाशी पोचवतात. ऊर्जा मात्र ऊब होऊन आभाळात निघून जाते, ती परत येत नाही. म्हणून तर सूर्याला रोज ड्यूटीवर यावं लागतं, रविवारीसुद्धा.

हा हिशेब नीट मांडला रेमंड लिंडमन या तरुण अमेरिकनानं, मिनेसोटातल्या एका दलदलीच्या तळ्यावर बसून. त्याचा निबंध परीक्षकांनी आधी नाकारला आणि अखेर १९४२ साली छापून आला, तेव्हा लिंडमन वारला होता. वय अवघं सव्वीस. दहावा हिस्सा हा काही दगडावरचा आकडा नव्हे, कुठे पाच टक्के निघतात, कुठे वीस. पण गळती सगळीकडेच.

आता सेलू तालुक्यातल्या बोरला चला. १९७० साली अभयारण्य, २०१४ साली व्याघ्र प्रकल्प, तेव्हाचं क्षेत्र साधारण १३८ चौरस किलोमीटर. देशातल्या सगळ्यात लहान व्याघ्र प्रकल्पांत त्याची गणना होते. सफारीहून परतणाऱ्या जिप्सीला समोरची जिप्सी विचारते, "काही दिसलं का?" उत्तर येतं, "काहीच नाही." या काहीच नाहीमध्ये चितळांचा कळप, दोन सांबरं, एक रोही, साग आणि मोहाचं अख्खं रान असतं. वाघाला आठवड्याला चितळाएवढं एक जनावर लागतं, म्हणजे वर्षाला पन्नासेक. आणि ती पन्नास जाऊनही कळप टिकायचा तर एका वाघामागे पाचशेच्या आसपास जनावरं हवीत, असा व्याघ्र-अभ्यासक उल्हास कारंतांचा हिशेब आहे. वाघ न दिसणं हे नशीब नव्हे, गणित आहे. गणित दाखवायचेही पैसे घेतात, एवढंच.

गंमत म्हणजे लिंडमनच्या तळ्याच्या सुमारास असाच एक हिशेब वर्ध्यातही चालला होता. मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचं काम पाहणारे जे. सी. कुमारप्पा हे पेशानं हिशेबतपासनीस. १९४५ साली त्यांचं शाश्वत अर्थव्यवस्थेवरचं पुस्तक आलं, गांधीजींच्या प्रस्तावनेसह. त्यात त्यांनी निसर्गातले व्यवहार पाच पायऱ्यांवर लावले. लिंडमनच्या मनोऱ्यात वाघ सगळ्यात वर. कुमारप्पांच्या जिन्यात तो सगळ्यात खाली, कारण तो ज्याच्यावर जगतो त्यालाच संपवतो. त्याच्या वरच्या पायरीवर माकड: आमराई लावली नाही, पाणी घातलं नाही, पण आंबे खातं, निदान झाड तरी सोडतं. आमच्या कौलांवर नाचणाऱ्या वानरांना ही बढती कळली नसावी, नाही तर त्यांनी आणखी चार कौलं फोडून आनंद साजरा केला असता.

वर्ध्यानं या अन्नसाखळीच्या खालच्या टोकाला राहायचे प्रयोगही पुष्कळ केले. पवनारला विनोबांनी ऋषिशेती आरंभली, तीत बैलसुद्धा वजा. बैलाला चारा घालून त्याच्या अंगचं बळ शेतात आणायचं, त्यापेक्षा कुदळ आपणच धरायची. उन्हाच्या हिशेबानं बिनतोड, कमरेच्या हिशेबानं अवघड. मी मात्र वर्ध्याच्या गोरसपाकाचा भक्त. ऊन, चारा, गाय, दूध, तूप आणि मग तो खुसखुशीत तुकडा: शाकाहारी म्हणवून घेतो खरा, पण त्या क्षणी मी वाघाच्या बराच जवळ सरकलेला असतो.

साखळी हा शब्द सोयीचा, पण बोरच्या कडेला गेलं की सरळ साखळी सापडत नाही, नुसतं जाळं. हरभऱ्यावर घाटेअळी, अळीवर कोतवाल पक्षी. कोतवालाला बसायला शेतकरी शेतात काठ्या रोवून पक्षिथांबे करतो. पण त्याच हरभऱ्यात रात्री रोही आणि रानडुकरं उतरतात. ती पोटभर खाऊन पहाटे रानात जातात आणि त्यांतलं एखादं वाघाला सापडतं. म्हणजे वाघाच्या अंगच्या त्या एका रुपयात थोडी चिल्लर बांधावरच्या शेताचीही असते. पर्यटनाच्या फलकावर चितळ असतं, सांबर असतं, हरभरा कुठेच नसतो.

कुमारप्पांची सर्वांत वरची पायरी सेवेची. पिल्लाला भरवणारी पक्षीण हे तिचं उदाहरण, बदल्यात काही न मागणारी. जागलीला बसलेल्या एका शेतकऱ्याला मी मोठ्या उत्साहानं म्हणालो, की या हिशेबानं तुम्ही वाघाला पोसताय, म्हणजे पाचव्या पायरीवर आहात. त्यानं बॅटरीचा झोत धुऱ्यावरून फिरवला, एक आरोळी ठोकली आणि म्हणाला, "वाघ फॉरेस्टचा, डुक्कर फॉरेस्टचं, हरभरा तेवढा माहा. मले पायरी नोको भाऊ, तारेचं कुंपण भेटते का पाहा."