पांढऱ्या उंदरांनो, पुढे काय?

बाळांनो, दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्याकडे हॉलच्या हॉल भरतात आणि 'पुढे काय?' यावर कुणीतरी दोन तास बोलतं. तुमच्यासाठी अशी सोय कुणी केलेली दिसत नाही. करणार तरी कधी? जन्मल्यावर साधारण चौदाव्या दिवशी तुमचे डोळे उघडतात आणि तोवर तुमच्यातल्या बऱ्याच जणांचं करिअर आटोपलेलंही असतं. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये पाळीव सापांच्या खाण्यासाठी उंदीर विकतात, त्या दरपत्रकात पहिली इयत्ताच 'पिंकी': अंगावर केस नाहीत, डोळे मिटलेले. मग केस फुटलेली 'फझी', मग आईचं दूध सुटलेला 'वीनर', आणि पुढे शर्टाच्या दुकानासारखं स्मॉल, मीडियम, लार्ज, जम्बो. प्रवेश वजनावर. मार्क कुणी विचारत नाही.

विचारले असते तर तुम्ही डोनेशन न भरता कुठेही शिरला असता. 2011 मध्ये शिकागो विद्यापीठात तुमच्यापैकी काहींची परीक्षा झाली. एका नळीत सोबती कोंडलेला, दुसरीत चॉकलेट. उंदरांनी दोन्ही दारं उघडली आणि पुष्कळदा सुटलेल्या सोबत्यासाठी चॉकलेट शिल्लकही ठेवलं. (आमच्या ऑफिसात वाढदिवसाचा केक कापतात, तेव्हा हा प्रयोग करू नये.) 2019 मध्ये बर्लिनच्या शास्त्रज्ञांनी उंदरांना लपाछपी शिकवली. उंदीर गुपचूप लपून बसायचे, राज्य आलं की शोधायचे, आणि बक्षीस काय, तर गुदगुल्या. असो. गुणवत्तेचा आणि प्रवेशाचा संबंध आमच्याकडेही फार राहिलेला नाही.

आता शाखा बघू. प्रतिष्ठेची शाखा अर्थातच सायन्स. तिथे एक अडचण आहे: अमेरिकेत तुम्ही प्राणी नाही. त्यांचा प्राणिकल्याणाचा कायदा 1966 चा. 2002 मध्ये जेसी हेल्म्स नावाच्या सिनेटरांनी त्यात दुरुस्ती करून घेतली आणि संशोधनासाठी पैदा केलेले तुमच्यासारखे उंदीर, छोटे माऊस आणि पक्षी 'प्राणी' या व्याख्येतून वगळले गेले. तिथल्या प्रयोगशाळांना किती उंदीर वापरले हे कृषी खात्याला कळवावंही लागत नाही. सभागृहात हेल्म्सनी युक्तिवाद असा केला की, सापाच्या पोटातला फुगवटा होण्यापेक्षा स्वच्छ प्रयोगशाळेत खाऊनपिऊन राहणं काय वाईट? थोडक्यात, सायन्स घे, नाहीतर तुझं काही खरं नाही. मराठी बाप याहून वेगळं काय म्हणतो?

मोजणीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, आमच्या राज्याने उलट चूक केली. 2018 मध्ये विधानसभेत आमदार एकनाथ खडसे यांनी विचारलं की मंत्रालयात सात दिवसांत 3,19,400 उंदीर मारले कसे. नंतर खुलासा झाला की तो आकडा उंदरांचा नव्हता, विषाच्या गोळ्यांचा होता. तिथे मोजत नाहीत, इथे गोळ्याच उंदीर समजून मोजतात. सरकारी नोकरीचा विचार करणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

उरल्या दोन शाखा, आणि खरी गंमत इथे आहे. पेटशॉपच्या एका पिंजऱ्यात तुमच्यातला एकजण झोपाळ्यात लोळतो. त्याला नाव मिळणार, खेळणी मिळणार, शिंकला तर डॉक्टर मिळणार. त्याच जातीचा दुसरा मागच्या रॅकवर, प्लॅस्टिकच्या टबात, दाटीवाटीत, मुतल्या भुश्याच्या अमोनियाने छाती भरून बसलेला. तोही शिंकतोच. पण त्याच्या टबावरची चिठ्ठी 'फीडर'ची, म्हणजे सापाच्या खाण्याची, त्यामुळे त्याचं शिंकणं हा आजार धरत नाहीत.

या फीडर शाखेतही दोन तुकड्या आहेत. एकीतले आधी मारून, गोठवून विकले जातात. दुसरीतले जिवंतच काचेच्या पेटीत सोडले जातात. 'निसर्गाचा नियम आहे' असं मालक म्हणतो. निसर्गात उंदराला बीळ असतं, साहेब. तुमच्या पेटीत वर झाकण आणि खाली हीटिंग पॅड आहे. आणि सापाला भूक नसली तर कोंडलेला उंदीर उलट सापालाच कुरतडतो, जखमा करतो. म्हणून साप पाळणाऱ्यांना सल्ला मिळतो की जिवंत उंदीर पेटीत एकटा सोडून जाऊ नका. उंदराच्या कल्याणाचा विचार सापाच्या कातडीपायी का होईना, झाला म्हणायचा. उंदराला मांजर साक्ष ऐकलं होतं. इथे अजगर साक्षीला आहे.

हे सगळं परदेशात, असं समजू नका. नाग-धामण पाळणं आपल्याकडे गुन्हा. पण पश्चिम आफ्रिकेतला बॉल पायथन मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये येऊन राहिला आहे. त्याची केंद्राच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी करावी लागते, पिल्लं झाली तरी कळवावं लागतं. त्याच्या ताटातल्याचं नाव कुठल्याच पोर्टलवर नाही.

तरी निराश होऊ नका, बाळांनो. भारतात तुम्ही प्राणी आहात! 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात माणूस सोडून प्रत्येक जिवंत जीव प्राणी आहे. माणसाच्या खाण्यासाठी मारायला त्यात सवलत आहे. सापाच्या खाण्याचा त्या कलमात उल्लेख नाही. उलट कलम 11 म्हणतं की, केवळ करमणुकीसाठी एखाद्या प्राण्याला कोंडून दुसऱ्याचं भक्ष्य करणं हा गुन्हा आहे. मालक म्हणेल, करमणूक कसली, हे तर सापाचं जेवण. मग पाहुणे बोलावून, दिवे लावून, मागे गाणं टाकून त्याची रील कशाला काढता? जेवणाची रील आम्हीही काढतो, पण आमची मिसळ पळत नसते. पहिल्या गुन्ह्याला कायद्याने ठरवलेला दंड दहा ते पन्नास रुपये. मिसळ याहून महाग आहे.

एवढ्यावरही ज्यांना अजगर पाळायचाच आहे, त्यांना एकच सांगणं. बहुतेक बॉल पायथन मेलेला, गोठवलेला, मग कोमट पाण्यात पूर्ण गरम केलेला उंदीर चिमट्याने समोर धरला की सवयीने खातात. आठवडे-आठवडे उपास करणं हा त्यांचा स्वभावच आहे, तेव्हा चार दिवस तोंड फिरवलं म्हणून जिवंत उंदीर आणायला धावू नका. पैसे देण्याआधी दुकानदाराला विचारा, हा मेलेला उंदीर खातो का? आणि समोर खाऊन दाखवायला सांगा. नाही खाल्ला, तर तो साप घरी आणू नका.