तवंगाचा हिशेब

मासवडीच्या रश्श्यावर तवंग नसेल तर आमच्याकडे पाहुणा आधी ताटाकडे बघतो आणि मग घरधनिणीच्या चेहऱ्याकडे. काहीतरी बिनसलंय, एवढं त्याला कळतं. यात त्याचा दोष नाही. तिखटाचा लाल रंग पाण्यात उतरत नाही, तेलातच उतरतो. तेव्हा मायेला रंग चढवायचा तर तेलावाचून इलाज नाही, हे रसायनशास्त्रानंच ठरवून ठेवलेलं. माझ्या मामीचं माहेर शिरूर तालुक्यातलं, सासर दौंड तालुक्यातलं. मधे काय ती भीमा. मासवडी तिनं माहेराहून आणली, तवंगासकट. मामांना डॉक्टरांनी तेल कमी करायला सांगितलं, तेव्हा तिनं ते फार मनावर घेतलं. रस्सा नेहमीसारखाच करायचा, मग पळी आडवी धरून वरची तर्री अलगद काढायची आणि खालचा फिकट रस्सा मामांना वाढायचा. काढलेली तर्री वाटीत झाकून फडताळात. दुसऱ्या दिवशी पिठल्याला फोडणी त्याच तर्रीची. डॉक्टरांचा शब्द राहिला, थेंबही वाया गेला नाही. मामांच्या पोटात तेल एक दिवस उशिरा पोचलं, इतकंच.

२०२५ च्या फेब्रुवारीत पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये स्वयंपाकातलं तेल दहा टक्के कमी करा, असं सांगितलं. मामी रेडिओ लक्ष देऊन ऐकते. तिनं विचारलं, “कशातनं दहा टक्के?” प्रश्न बिनतोड होता. तिच्या फोडणीला माप नाही. मोहरी कशी तडतडते ते ऐकून ती तेल ओतते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये माप दिलं आहे खरं : दोन हजार कॅलरींच्या आहारात दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप, म्हणजे चहाचे सहाएक चमचे. मी हिशेब मांडला. पाच माणसांच्या घरात पंधरा किलोचा डबा साडेतीन महिन्यांहून जास्त पुरायला हवा. दिवाळीला फोडला तर थेट माघापर्यंत. मामीनं हे ऐकून घेतलं आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, ज्या नजरेनं आपण परदेशातल्या बर्फाची छायाचित्रं पाहतो. सुंदर असेल, पण तिथं जाणं व्हायचं नाही. ‘खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी’ म्हणणाऱ्या समाजाला सहा चमच्यांवर आणायचं, म्हणजे पोषणतज्ज्ञांच्या धीराचंच कौतुक करायला हवं.

गंमत अशी की, ज्या तेलासाठी आता शहरातली माणसं लाकडी घाण्याच्या दुकानाबाहेर पिशवी घेऊन उभी असतात, ते इथल्याच जिराईत रानात होतं. ज्वारीच्या कडेनं करडईचे पट्टे असायचे, जणू पिकानं काटेरी काठाची शाल पांघरलेली. गुरं तोंड घालायला आली की नाकाला काटे टोचून मागं फिरायची. करडई काढायची भल्या पहाटे, दवानं काटे मऊ असताना. बायका हातापायांना फडकी गुंडाळून शेतात उतरायच्या आणि ऊन चढलं की विळे टाकून बांधावर बसायच्या. या तेलात जवळजवळ तीन चतुर्थांश लिनोलेइक आम्ल असतं. पाम तेलातला निम्मा भाग संपृक्त, त्यापुढे हे फारच सज्जन. पण अशा मिनतवारीनं मिळालेलं तेल ओतताना हात आपोआपच आखडायचा. काटकसर त्या काट्यांनीच शिकवलेली. पुढे खडकवासल्याचं पाणी दौंडकडे आलं, चासकमानचं शिरूरला आलं, ऊस आला आणि बांधाच्या कडेची करडई हळूहळू दिसेनाशी झाली. कालव्याला नावं ठेवायची माझी छाती नाही. त्याच पाण्यावर मामेभावंडं शिकली. तिकडे फलटणच्या निंबकर संस्थेनं बिनकाट्याची करडईसुद्धा काढली, पण तोवर इथल्या रानाला उसाची सवय लागली होती आणि घराला पिशवीतल्या तेलाची. पिशवीला काटे नसतात. कात्रीनं कोपरा कापला की धार सुरू.

तेलापासून माणसाला लांब ठेवायचं काम खरं तर रेल्वेनं केलं. पुण्याहून नगर-मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचं इंजिन दौंडला काढून दुसऱ्या टोकाला जोडावं लागे. तेवढ्या वेळात अख्खी गाडी फलाटावर उतरून भजी-वडे खाऊन घ्यायची. कढईतलं तेल कितव्यांदा तापतंय, हे कोण विचारतो? तळणाचं तेल किती बिघडलं म्हणजे टाकून द्यायचं, याची मर्यादा २०१८ पासून कायद्यात आहे. फलाटावर मात्र इंजिनाच्या शिट्टीकडे कान असायचा. आता कॉर्ड लाइन झाली. पुष्कळ गाड्या दौंड जंक्शनात न शिरता बाहेरूनच वळतात आणि हजारो माणसं नकळत पथ्यावर गेली आहेत.

मामा नाहीत त्यांच्यात. लेकीकडे नगरला जायचं म्हणजे ते दौंडलाच गाडीत बसतात आणि गाडीच्या तासभर आधी स्टेशनावर हजर असतात. इतक्या लवकर कशाला, असं मामी कधी विचारत नाही. दारातून निघताना “रुमाल घेतला का?” एवढंच विचारते आणि घेतला असला तरी आणखी एक खिशात कोंबते.